पर्जन्यमापकापासून ग्रामसभेपर्यंत

हवामानबदल हा विषय महाराष्ट्रात आता मंत्रालयातील बैठकींपासून एस.टी.च्या थांब्यावरील गप्पांपर्यंत सर्वत्र पोहोचला असला, तरी ज्या तरुणास आपल्या तालुक्यात राहून या विषयाचा अभ्यास करावयाचा आहे, किंवा ज्या ग्रामपंचायतीस आपल्या शिवारापुरती काही तजवीज करावयाची आहे, त्यांनी आरंभ कोठून करावा, कोणाच्या कचेरीत जावे आणि तेथे काय मागावे, हे सांगणारे लिखाण मराठीत फारच थोडे सापडते. ध्रुवप्रदेशांतील हिमाविषयी आपणांस पुष्कळ ठाऊक असते. आपल्या महसूल मंडळात गेल्या तीस वर्षांत जून महिन्याचा पाऊस वाढला की घटला, हे मात्र क्वचितच कोणी सांगू शकतो. संशोधन पुण्यामुंबईच्या संस्थांत चालू आहे, निकड गावात आहे, आणि या दोहोंच्या मध्ये उभा राहून एकीकडचे कोष्टक दुसरीकडच्या माणसास उलगडून सांगणारा, व त्या माणसाची अडचण पुन्हा कोष्टकात मांडून दाखविणारा कार्यकर्ता विरळा. शिक्षणाची, रोजगाराची आणि लोकोपयोगी कार्याची खरी संधी प्रस्तुत लेखकास याच मधल्या जागेत दिसते, आणि पुढील विवेचन मुख्यतः ती जागा घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

साधनांच्या बाबतीत आपला प्रांत भाग्यवान म्हटला पाहिजे. १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, आणि शिवाजीनगरातील त्या वास्तूस पुणेकर अद्यापही 'सिमला ऑफिस' म्हणूनच ओळखतात. मुख्यालय पुढे दिल्लीस गेले; परंतु देशभरच्या हवामाननोंदींचे दप्तर आणि कृषिहवामानाचा विभाग पुण्यातच राहिला, व १९३२ साली डॉ. एल. ए. रामदास यांनी येथे जमिनीलगतच्या हवेच्या थरांचे आणि पिकांचे जे सूक्ष्म निरीक्षण आरंभिले, त्यातूनच या देशातील कृषिहवामानशास्त्राचा पाया घातला गेला. १९६२ साली पुण्यातच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था निघाली, आणि २००९ पासून तिच्यात हवामानबदलाच्या संशोधनाचे स्वतंत्र केंद्र चालते. या केंद्राच्या पुढाकाराने २०२० साली प्रसिद्ध झालेला भारतीय प्रदेशाच्या हवामानबदलाचा आढावा या विषयात पाऊल टाकू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने निदान सारांशरूपाने तरी वाचावयास हवा. १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. १९५१ ते २०१५ या काळात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. आणि तरीही मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरांहून अधिक कोसळणाऱ्या पावसाच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, असे हा आढावा सांगतो. पाऊस एकंदरीने कमी, पण येतो तेव्हा अनावर. मराठवाड्यातील कोणताही जाणता शेतकरी गेली काही वर्षे हेच सांगत आला आहे.

तथापि येथेच पहिली सावधगिरी बाळगावी लागते. देशाची किंवा मध्य भारताची सरासरी जशीच्या तशी उचलून आपल्या तालुक्यास लावणे हा आजच्या भाषणांतील आणि प्रकल्प-अहवालांतील सर्वांत रूढ दोष आहे. सातारा जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. त्या एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरी वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून पूर्वेस मोटारीने काही तासांच्या अंतरावर असलेल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी असतो. राज्य शासनाने टेरी या संस्थेकडून करवून घेतलेल्या व २०१४ साली पूर्ण झालेल्या अभ्यासात हवामानबदलाचा धोका सर्वाधिक असलेला जिल्हा म्हणून नंदुरबारची, आणि सर्वांत कमी असलेला म्हणून साताऱ्याची गणना झाली. जिल्हा हे परिमाण धरले म्हणजे हा निष्कर्ष चुकीचा ठरत नाही. परंतु म्हसवडच्या मेंढपाळास आपण राज्यातील सर्वांत सुरक्षित जिल्ह्यात राहतो असे जाऊन सांगितले, तर तो काय उत्तर देईल याची कल्पना कोणासही करता येईल. म्हणून परिमाण जितके लहान तितकी माहिती कामाची, आणि अशी माहिती आयती मिळत नसल्याने ती जमविणाऱ्यास किंमत, असा या क्षेत्राचा व्यवहार आहे.

जमवावयाची कोठून? हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाने १९८९ ते २०१८ या तीस वर्षांतील पावसाचा जिल्हावार आढावा राज्याराज्यांसाठी प्रसिद्ध केला आहे. महाराष्ट्राचा भाग प्रथम मिळवावा. त्याखालच्या पायरीस महसूल मंडळांतील स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, ज्यांच्या नोंदी 'महावेध' प्रकल्पातून कृषी विभागाकडे जातात. याखेरीज तहसील कचेरीत पावसाच्या जुन्या नोंदवह्या आणि पैसेवारीचे कागद असतात. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याची जी जिल्हावार गॅझेटियरे सिद्ध झाली, त्यांत त्या काळच्या पावसाची कोष्टके व दुष्काळांचे वृत्तान्त आढळतात. ही गॅझेटियरे इतिहासाच्या विद्यार्थ्यांपुरती आहेत असा एक समज आहे, तो सोडून द्यावा. ज्या गावात १८७६-७७ च्या दुष्काळाची हकीकत वाचून १९७२ ची आठवण असलेल्या वृद्धांकडून तिचा पडताळा घेतला जातो, आणि त्या दोहोंशेजारी २०१५-१६ चे टँकरचे आकडे मांडले जातात, त्या गावास आपल्या शिवाराचे हवामान म्हणजे काय हे निराळे शिकवावे लागत नाही. इतिहासाची किंवा मराठीची पदवी घेतलेल्यांनी या कामी स्वतःस अपात्र समजू नये, असे मला आग्रहाने वाटते.

परंतु सर्वांत मोलाची नोंद ती, जी गावाने स्वतः ठेवलेली असते. तिचे पहिले साधन पर्जन्यमापक. ते फार महाग नाही, आणि ठेवण्याची जागा म्हणून शाळेचे आवार सर्वोत्तम, कारण तेथे वह्या आहेत, मुले आहेत, आणि सुट्टीतही बहुधा कोणीतरी जवळ राहणारे असते. यंत्राचे तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर, अगदी समपातळीत असावे. झाड वा भिंत जितकी उंच असेल, तिच्या दुपटीइतके अंतर तरी मध्ये सोडावे. आणि मोजणी रोज सकाळी साडेआठ वाजताच व्हावी, कारण देशभरच्या नोंदींचा दिवस साडेआठ ते साडेआठ असाच धरला जातो. पाऊस पडला नाही त्या दिवशी वहीत शून्य लिहावे, जागा कोरी सोडू नये. कोऱ्या जागेवरून पाऊस नव्हता की गुरुजी रजेवर होते, हे पुढे कोणासही ठरविता येत नाही. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तरच तो 'पावसाचा दिवस' गणला जातो. महिन्याच्या अखेरीस एकूण पाऊस, पावसाचे दिवस, आणि दोन पावसांमधील सर्वांत मोठा खंड ही तीन खाती काढावीत. यांपैकी तिसरे खाते कोरडवाहू शेतीच्या दृष्टीने पहिल्याहूनही महत्त्वाचे, कारण सोयाबीनचे पीक मरते ते बहुधा एकूण पाऊस कमी पडल्याने नव्हे, तर फुलोऱ्यात वा शेंगा भरताना तीन आठवडे उघडीप पडल्याने.

या वहीचा एक व्यावहारिक उपयोगही सांगून ठेवतो. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरांहून अधिक पाऊस नोंदला गेला म्हणजे अतिवृष्टी, असा शासकीय शिरस्ता आहे. परंतु मंडळाचे केंद्र एका गावी आणि ढग फुटावयाचा दुसऱ्या गावी, असे दर वर्षी कोठे ना कोठे घडते. गावच्या शाळेची वही शासनावर बंधनकारक नसते हे खरे, तथापि पंचनाम्याच्या मागणी अर्जास तारीखवार, अखंड आणि एकाच हस्ताक्षरशिस्तीत ठेवलेली नोंद जोडलेली असली, म्हणजे तलाठ्यास आणि तहसीलदारास ती दुर्लक्षिणे अवघड जाते. पीकविमा घेतलेल्यांनी नुकसानीची सूचना द्यावयाची असल्यास ती किती मुदतीत, हेही योजनेच्या त्या वर्षीच्या नियमांत पाहून याच वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहून ठेवावे.

पावसाच्या पाठोपाठ विहिरी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ही १९७२ साली निर्माण झालेली राज्याची संस्था आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते आणि तीवरून टंचाईचा अंदाज बांधते. पण अशी विहीर प्रत्येक गावात नसते, आणि जेथे असते तेथेही ती एका खडकाची साक्ष देते, साऱ्या शिवाराची नव्हे. दख्खनचा काळा पाषाण वरून एकसारखा दिसला, तरी त्याच्या पोटात मुरमाचा थर, पाणी धरणारा मांजऱ्या खडक आणि पाण्याचा थेंबही आत न घेणारा अभेद्य कातळ असे थर एकावर एक असतात. शेजारशेजारच्या दोन विहिरींपैकी एकीस पाणी आणि दुसरीस खडखडाट, याचे कारण दैवात शोधण्याआधी या थरांत शोधावे. गावातील निरनिराळ्या भागांतल्या, निरनिराळ्या उंचीवरच्या विहिरी निवडून, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर खुणेच्या दोरीने महिन्यातून एकदा, पंप बंद असताना आणि ठरलेल्या तारखेस मोजावे. भूजलाचे हे शास्त्र सामान्य गावकऱ्यांस व कार्यकर्त्यांस शिकविण्याचे कार्य पुण्यातील ॲक्वाडॅम ही संस्था दीर्घकाळ करीत आली आहे, आणि भूगर्भशास्त्राच्या पदवीधरांनी तिच्या प्रशिक्षणांची चौकशी अवश्य करावी.

पाऊस आणि विहिरी यांच्या नोंदी हाती आल्या म्हणजे पाण्याचा ताळेबंद मांडता येतो, आणि हे गणित सातवीच्या मुलासही जमण्यासारखे आहे. एक हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी. शिवार १,००० हेक्टरांचे आणि पाऊस ५०० मिलिमीटर असेल, तर आकाशातून आलेले पाणी ५० लाख घनमीटर झाले. आकडा ऐकून छाती फुगते. परंतु त्याचा फार मोठा भाग जमिनीच्या ओलाव्यातून व पिकांच्या पानांतून परत हवेत जातो, काही ओढ्यानाल्यांनी शिवाराबाहेर पडतो, आणि मुरून विहिरीस लागणारा अंश थोडाच उरतो. आता खर्चाची बाजू पाहावी. पाटपाण्यावरील उसास हेक्टरी सुमारे २०,००० घनमीटर पाणी धरले, तर ५० हेक्टर ऊस १० लाख घनमीटर पितो. म्हणजे शिवाराच्या विसाव्या हिश्शावरील पीक साऱ्या गावावर पडलेल्या पावसाच्या पाचव्या हिश्शाइतके पाणी मागते. हेच पाणी रब्बी ज्वारीस दिले, तर ठोकळमानाने पाचपट क्षेत्र भिजते. हा हिशेब चावडीवर फळ्यावर मांडून दाखविणारा मनुष्य गावात शत्रू निर्माण करील हे उघड आहे, आणि म्हणूनच तो मांडण्याआधी आकडे निर्विवाद असले पाहिजेत.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचा लौकिक झाडे व बंधारे यांमुळे झाला असे बहुतेक सहली काढणारे समजतात. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर तेथे पाणलोटाची उत्तम कामे झाली यात संशय नाही. पण बंधारे इतर शेकडो गावांतही झाले आहेत. त्या गावाचे वैशिष्ट्य असे की, तेथे सिंचनासाठी विंधन विहीर घ्यावयाची नाही व उसासारखे पीक लावावयाचे नाही, असा निर्बंध गावाने स्वतःवर घालून घेतला, आणि पाऊस संपल्यावर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे ठेवून पुढील पिके ठरविण्याचा प्रघात पाडला. याहूनही कठोर तत्त्व १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीच्या रूपाने मांडले होते : पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी अर्धा एकर या मानाने वाटावयाचे, भूमिहीनांचाही त्यावर हक्क मानावयाचा, आणि ऊस वर्ज्य. हवामानबदल हा शब्दही जेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता, तेव्हा सांगितलेली ही योजना आजच्या कोणत्याही अनुकूलन-आराखड्याहून अधिक धीट आहे. जो विद्यार्थी 'लोकसहभाग' या विषयावर प्रबंध लिहू पाहतो, त्याने आधी या प्रयोगाचा, विशेषतः तो सर्वत्र का पसरला नाही या प्रश्नाचा, अभ्यास करावा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. शेततळे हे अवर्षणावरील उत्तम साधन आहे. जालना जिल्ह्यातील कडवंचीने खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मार्गदर्शनाखाली आधी पाणलोटाची कामे पुरी केली, आणि मग शेततळ्यांच्या आधारावर द्राक्षबागा जगविल्या. परंतु पुष्कळ ठिकाणी शेततळ्यास प्लास्टिकचे अस्तर घालून, वाहत्या पावसाचे पाणी अडविण्याऐवजी विहिरीतील वा बोअरमधील पाणीच उपसून त्यात भरले जाते. हे म्हणजे एका घागरीतले पाणी दुसरीत ओतून घागरी दोन झाल्याचे समाधान मानणे होय. शिवाय दुसरी घागर उघडी. मराठवाड्याच्या उन्हात उघड्या तळ्यातून वर्षाकाठी दीड ते दोन मीटर पाण्याची वाफ होऊन जाते, आणि जे पाणी खडकात साऱ्या गावाचे होते, ते तळ्यात एकाचे होते. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात ६० मीटरांहून खोल विहीर घेण्यास मनाई आहे. त्या मनाईचा अंमल किती होतो, हे गावात येणाऱ्या बोअरच्या गाड्या सांगतात. नाल्यांच्या खोलीकरणाचेही तसेच : माथ्यावर समतल चर, मग बांधबंदिस्ती, आणि शेवटी नाला, हा 'माथा ते पायथा' क्रम मोडून थेट यंत्राने नाला खणला, की पहिल्याच मुसळधार पावसात वरची माती खाली येऊन खड्डा भरतो. म्हणून अनुकूलनाच्या प्रत्येक कामास दोन प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांनी व पंचांनी लावून घ्यावी : या कामाने पाणी वाढले की नुसते हलले, आणि हलले तर कोणाकडून कोणाकडे?

आता शिक्षणाविषयी. ज्यास हवामानाच्या भौतिक शास्त्रातच प्रवेश करावयाचा आहे, त्याने बारावीनंतर गणित सोडू नये. ही एक सूचना वेळीच न मिळाल्याने अनेक हुशार मुलांची वाट बंद होते. भौतिकशास्त्र, गणित किंवा संख्याशास्त्र घेऊन पदवी झाल्यावर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वातावरण व अवकाश विज्ञान विभागात पदव्युत्तर शिक्षण घेता येते. नेट परीक्षेत 'पृथ्वी, वातावरण, सागर व ग्रहविज्ञान' हा स्वतंत्र विषय आहे, आणि तीतून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत संशोधनवृत्तीचा मार्ग खुला होतो. मुंबईच्या आय.आय.टी.त हवामान अभ्यासाचे आंतरविद्याशाखीय केंद्र आहे; पण माझ्या मते आपल्या प्रस्तुत प्रयोजनास तेथील 'सितारा', म्हणजे ग्रामीण भागांसाठी पर्यायी तंत्रज्ञानाचे केंद्र, अधिक जवळचे, कारण तेथील अभ्यासक्रमात विद्यार्थ्यास प्रत्यक्ष खेड्यात राहून पाणी, रस्ता, इंधन अशा प्रश्नांची मोजणी करावी लागते. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी गावनिहाय पाण्याच्या ताळेबंदाची रीत बसविण्याचे कामही याच संस्थेने केले.

कृषी शाखेच्या विद्यार्थ्यांस राहुरी, परभणी, अकोला व दापोली ही चार विद्यापीठे आहेत, आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयात कृषिहवामानशास्त्राची पदव्युत्तर परंपरा जुनी आहे. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ पासून अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था कार्य करते. अवर्षण, उष्णता व क्षार यांना पिके कशी तोंड देतात, हा तिचा विषय. समाजशास्त्राच्या बाजूने येणाऱ्यांनी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील अधिवास व आपत्ती या विषयांचे अभ्यासक्रम पाहावेत. भूगोलाच्या पदवीधराने उपग्रहचित्रे वाचण्याचे व नकाशे करण्याचे तंत्र आत्मसात केले, तर त्यास काम शोधीत फिरावे लागणार नाही. इस्रोचे 'भुवन' आणि मोफत मिळणारी नकाशाप्रणाली यांवर सराव घरबसल्या होतो.

ज्यांना विद्यापीठाची दीर्घ वाट शक्य नाही, त्यांच्याविषयी मार्गदर्शनपर लेखांत बहुधा काहीच लिहिलेले नसते, म्हणून येथे थोडे थांबतो. छत्रपती संभाजीनगर येथील वाल्मी ही १९८० साली निघालेली संस्था जल व भूमी व्यवस्थापनाची अल्पमुदतीची प्रशिक्षणे देते. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी येथे वॉटर या संस्थेचे पाणलोट प्रशिक्षण केंद्र आहे. पंचायत सदस्यांसाठी पुण्याची यशदा आहे. आणि बहुतेक प्रत्येक जिल्ह्यात निदान एक कृषी विज्ञान केंद्र आहेच. स्वयंचलित हवामान केंद्राची निगा राखणे, ठिबक संच दुरुस्त करणे, शिवारफेरीत उतार मोजून चराची आखणी करणे, ही कामे आय.टी.आय. झालेला किंवा बारावी झालेला तरुण सहा महिन्यांत शिकू शकतो, आणि मोठमोठ्या प्रकल्पांची गाडी अडते ती बहुधा अशाच माणसांच्या अभावी. हवामान खाते व कृषी विद्यापीठे यांचा संयुक्त कृषिसल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी निघतो, आणि तो 'मेघदूत' या ॲपवरही मिळतो. तो वाचून आपल्या गावच्या पिकास व जमिनीस लागू पडेल असा चार ओळींचा सारांश मंदिराच्या फळ्यावर लिहिणे, हा या विषयातील शिक्षणाचा माझ्या माहितीतील सर्वांत स्वस्त अभ्यासक्रम आहे. विजेच्या पूर्वसूचनेसाठी 'दामिनी' ॲप आहे. गुराख्यांच्या व शेतमजुरांच्या घरी ते पोहोचविणे हेही काम समजावे.

पैशाविषयी संक्षेपाने. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात जागतिक बँकेच्या साहाय्याने मराठवाडा, विदर्भ व जळगाव येथील १५ जिल्ह्यांतील ५,००० हून अधिक गावे घेतली गेली, ज्यांत पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याची गावेही होती. पुढील टप्प्यात आपले गाव आहे काय, हे तालुका कृषी अधिकाऱ्याकडे विचारावे. कृषी संशोधन परिषदेचा हवामानानुकूल शेतीचा राष्ट्रीय उपक्रम २०११ पासून निवडक कृषी विज्ञान केंद्रांमार्फत चालतो. आंतरराष्ट्रीय हवामाननिधींचा पैसा येथे आणण्याचा अधिकार ज्या संस्थांना आहे, त्यांत नाबार्ड प्रमुख. एकट्या गावाने तेथे धाव घेण्यात अर्थ नसतो, परंतु पाणलोटातील गावे एकत्र येऊन एखाद्या अनुभवी संस्थेमार्फत गेल्यास विचार होतो. मागणी लिहिताना जगाच्या तापमानवाढीवर दोन पाने खर्ची घालू नयेत. आपल्या वहीतील पावसाचे खंड, विहिरींची पातळी व टँकरचे दिवस एवढेच मांडावे. आणि जे काम रोजगार हमीतून वा ग्रामपंचायत विकास आराखड्यातून होण्यासारखे आहे, त्यासाठी परदेशी निधीची वाट पाहू नये.

कोकणाचा प्रश्न निराळा आहे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीतील नारळी-पोफळीच्या बागा ज्या रीतीने आडव्या केल्या, ती पाहिल्यावर तेथे पावसाच्या वहीइतकीच वाऱ्याच्या व भरतीच्या नोंदीची गरज पटते. खाऱ्या पाण्याने नासणाऱ्या भातखाचरांसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या जाती दिल्या आहेत. शेजारच्या गोव्यात खाजन जमिनींचे बांध व 'मानशी', म्हणजे भरतीचे पाणी अडविणाऱ्या झडपा, यांची शतकानुशतकांची सामुदायिक व्यवस्था आणि कोरगूट भात आहे, आणि दोहोंचा एकत्र अभ्यास करणारा विद्यार्थी मिळाल्यास फार बरे होईल. किनाऱ्यावरील गावांनी कांदळवन कक्षाच्या उपजीविका योजनेतील खेकडापालन व कालवपालन यांची माहिती घ्यावी. सह्याद्रीच्या कुशीतील आदिवासी पट्ट्यात बियाण्यांचे काम आहे : अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी जतन केलेली गावठी वाणे सर्वांस ठाऊक आहेत, पण कोणते वाण किती दिवसांच्या उघडिपीत तग धरते, याची मोजणी करून ठेवणारे हात अजून हवे आहेत. गडचिरोलीत मेंढा-लेखा या गावाने २००९ साली मिळविलेला सामूहिक वनहक्क हा अनुकूलनाचाच एक प्रकार आहे, आणि त्याकडे त्या दृष्टीने पाहणारा अभ्यास व्हावयास हवा. शहरांपैकी मुंबईने २०२२ साली आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. इतर महानगरपालिकांच्या प्रभागांत झाडांची व घरांच्या आतील तापमानाची मोजणी करण्यास कोणाच्याही परवानगीची गरज नाही, आणि पत्र्याच्या घरातील दुपारचे तापमान वेधशाळेच्या आकड्याशी ताडून पाहणे हा महाविद्यालयीन गटासाठी उत्तम प्रकल्प आहे.

ज्या गावास यंदाच आरंभ करावयाचा आहे, त्याने वर्षाची आखणी अशी करावी. मे महिन्यात पर्जन्यमापक बसवून व विहिरी निवडून त्यांच्या काठावर रंगाने खूण करावी. त्याच महिन्यातील पातळी ही तळची पातळी म्हणून नोंदावी. पावसाळ्यात वही अखंड चालावी आणि ती शिक्षक, ग्रामपंचायतीचा कर्मचारी व एखादी बचत गटातील ताई अशा तिघांच्या जबाबदारीवर असावी, म्हणजे एकाच्या गैरहजेरीत खाडा पडत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस विहिरी पुन्हा मोजाव्यात. मेच्या व या पातळीतील अंतर म्हणजे त्या वर्षी जमिनीने घेतलेले पाणी. मग २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे एकच तक्ता ठेवावा : पाऊस किती, विहिरी किती चढल्या, माणसे व गुरे यांना पुढील पावसापर्यंत किती लागेल, आणि ते बाजूस काढल्यावर रब्बीस काय उरते. त्या तक्त्याची एक प्रत कृषी विज्ञान केंद्रास, एक भूजल यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयास आणि एक शाळेच्या दप्तरात द्यावी, व प्रत्येक प्रतीवर यंत्र कोठे बसविले आहे आणि कोणत्या दिवसांची नोंद हुकली आहे ते स्पष्ट लिहावे. ठराव झाला नाही तरी हरकत नाही; पहिल्या वर्षी तो बहुधा होतही नाही. तक्ता मात्र हरभऱ्याची पेरणी सुरू होण्यापूर्वी चावडीवर लागलेला असावा.